पुरात फ्रीज गेला, चोरीत स्कूटर गेली, टॅक्समध्ये काही सुटतं का?

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या अंगाला राहणारा कोणीच विसरणार नाही. तीन-चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी थेट घरात. आम्ही तळमजल्यावर, सकाळी सहाला लाइट नाही आणि टॉर्च मारला तर फ्रीज आडवा होऊन हॉलमध्ये तरंगतोय, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर, सोफा सगळं पाण्यात, आईची साड्यांची पेटी तर चिखलातूनच काढली. हिशोब केला तर पावणेदोन लाखाच्या आसपास गेलं. वरून दिवाळीनंतर बर्डीवरून, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारातून, माझी स्कूटर चोरीला गेली, म्हणजे त्या वर्षी आमचे ग्रहच तसे होते.

पुढच्या जुलैत रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा ऑफिसातला एकजण म्हणाला, "अबे, लॉस दाखव न रिटर्नमध्ये, माझ्या साळ्यानं तिकडं अमेरिकेत दाखवला होता." मी खूश होऊन सगळी बिलं, फोटो घेऊन आमच्या सीए काकांकडे गेलो. काकांनी फाइल उघडलीच नाही, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "फ्रीज काहून घेतला होता?" म्हटलं थंड पाण्यासाठी. "मग त्याच्यातून इन्कम कोणतं होत होतं?"

झालं, तिथंच उत्तर मिळालं. पण त्याच रात्री, त्याच पाण्यात माझ्या मावसभावाचं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान बुडालं होतं आणि त्याचं नुकसान मात्र जवळजवळ सगळं हिशोबात आलं. एकच पाऊस, एकच नदी, दोन वेगळे निकाल. असं का होतं आणि तुमच्यावर वेळ आली तर कोणत्या क्रमानं काय करायचं ते लिहितो.

एक गोष्ट आधीच सांगतो, खाली दिलेले कलमांचे नंबर १९६१ च्या जुन्या आयकर कायद्याचे आहेत कारण सगळ्यांच्या तोंडी तेच बसलेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवीन कायदा लागू आहे, त्यात नंबर बदलले, त्यामुळे फॉर्मवर नंबर लिहायच्या आधी एकदा बघून घ्या.

पायरी १: गेलेली वस्तू कोणत्या खात्यातली

आपल्या कायद्यात उत्पन्नाची पाच खाती आहेत: पगार, घरभाडं, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि इतर. नुकसानीची जी वजावट मिळते ती यातल्या कुठल्यातरी खात्यातून मिळते. घरातला टीव्ही, पलंग, मोबाइल, स्वतः चालवायची गाडी यातल्या कुठल्याच खात्यात बसत नाही, म्हणून पुरात जावो, आगीत जावो का चोर नेवो, वजावट शून्य. पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, जुन्या रिजीममध्ये (करपद्धतीत) ५० हजार आणि नव्यात ७५ हजार, पण ते तुमच्या घरात पूर आला तरी तेवढंच आणि नाही आला तरी तेवढंच.

मग लोक म्हणतात की बाप्पा, वजावट नाही तर कॅपिटल लॉस, म्हणजे भांडवली तोटा, तरी दाखवू. तिथं दोन कुलपं आहेत. पहिलं म्हणजे कलम २(१४) मध्ये घरच्या वापराच्या जंगम वस्तू, कपडे-फर्निचर-गाडी वगैरे, कॅपिटल ॲसेटमधून (भांडवली मालमत्तेतून) बाहेरच काढल्यात. याचा फायदाही आहे, जुना सोफा विकला तर नफ्यावर कोणी टॅक्स मागत नाही, मग तोटाही कोणी ऐकत नाही. दागिने, चित्रं, शिल्पं, पुराणवस्तू मात्र या सवलतीत नाहीत, ते कॅपिटल ॲसेटच. म्हणजे दागिने चोरीला गेले तर लॉस मिळेल? नाही, कारण दुसरं कुलूप. कॅपिटल लॉससाठी ट्रान्सफर लागतं, विक्री, अदलाबदल असं काहीतरी, आणि चोरानं नेलेला हार म्हणजे तुम्ही केलेलं ट्रान्सफर नव्हे. वस्तू नष्ट होणं म्हणजे ट्रान्सफर नाही हे सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये वानिया सिल्क मिल्सच्या केसमध्ये सांगितलं होतं.

आणि तो अमेरिकेतला साळा? तो खोटं बोलत नव्हता. तिकडं कॅज्युअल्टी आणि थेफ्ट लॉस नावाची वजावट खरंच आहे, फॉर्म ४६८४ भरतात. पण २०१८ पासून तिथंही आवळलं, घरातली साधी चोरी आता तिथंही चालत नाही, सरकारनं जाहीर केलेली आपत्ती लागते. तिकडचे यूट्यूब व्हिडिओ पाहून इथलं रिटर्न भरू नका एवढंच.

ऑनलाइन फ्रॉडमध्ये पैसे गेले तरी पगारदाराला हेच उत्तर. टॅक्सचा विचार सोडा, आधी सायबर फ्रॉडच्या १९३० हेल्पलाइनवर फोन करा, जितका लवकर तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडकायची शक्यता जास्त.

पायरी २: पहिल्या आठवड्यातले कागद

टॅक्स सुटणार नसेल तर कागद कशाला, असं वाटेल. पण सरकारी मदत, इन्शुरन्स, बँक, आरटीओ सगळे हेच कागद मागतात, आणि धंद्याचं नुकसान असेल तर आयकरवाले सगळ्यात आधी हेच.

पूर-आग असेल तर चिखल धुवायच्या आधी फोटो आणि व्हिडिओ. आम्ही चूक केली, बायकोनं आणि मी दुपारपर्यंत घर चकाचक केलं आणि पंचनामेवाले दुसऱ्या दिवशी आले तर त्यांना दाखवायला भिंतीवरची पाण्याची रेघ तेवढी उरली होती. वस्तूचा मॉडेल नंबर, मागचं स्टिकर आणि पाण्याची रेघ एकाच फोटोत येईल असं काढा. तलाठी किंवा महापालिकेचं पथक पंचनामा करून जातं तेव्हा त्यात आपल्या सगळ्या वस्तू लिहिल्यात का ते वाचूनच सही करा आणि कागदाचा मोबाइलवर फोटो घ्या, नंतर ती प्रत मिळवायला चपला झिजतात.

चोरी असेल तर एफआयआर. नुसता अर्ज देऊन शिक्का मारून आणला म्हणजे एफआयआर झाला असं बऱ्याच लोकांना वाटतं, तसं नसतं, एफआयआरला नंबर असतो आणि त्याची प्रत फुकट मिळणं हा तुमचा हक्क आहे. १ जुलै २०२४ पासूनच्या नवीन फौजदारी कायद्यात ऑनलाइन तक्रारही चालते पण तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. मग काही महिने जातात. चोर नाही सापडला तर पोलीस कोर्टात समरी पाठवतात, आपल्या महाराष्ट्रात तिला 'ए समरी' म्हणतात, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही. गाडीच्या इन्शुरन्सवाल्यांना हाच कागद हवा असतो. माझ्या स्कूटरचा क्लेम निव्वळ या एका कागदासाठी अडला होता, मला वाटत होतं पोलीस आपोआप घरी पाठवतील. नाही पाठवत, मागावा लागतो.

दागिन्यांच्या तक्रारीत एक गोष्ट सांभाळा. रागाच्या भरात माणूस वीस तोळ्यांचे तीस तोळे लिहितो. तो कागद उद्या तुमच्याच विरोधात उभा राहू शकतो, की एवढं सोनं कुठून आणलं, बिल दाखवा, आणि दाखवता आलं नाही तर बेहिशेबी गुंतवणुकीचा वेगळाच झमेला. १९९४ ची सीबीडीटीची (केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची) सूचना आहे की झडतीत विवाहित बाईचे ५०० ग्रॅम, अविवाहित मुलीचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंत दागिने जप्त करू नयेत, पण ती झडतीपुरती. जेवढं होतं तेवढंच लिहा, जुने फोटो, लग्नाचा अल्बम, सराफाच्या पावत्या जोडा.

पायरी ३: भरपाई आली तर तिच्यावर टॅक्स लागतो का

इथं जरा बरी बातमी आहे. आपत्तीची भरपाई केंद्र, राज्य किंवा महापालिकेकडून व्यक्तीला किंवा तिच्या वारसाला मिळाली तर ती कलम १०(१०बीसी) खाली करमुक्त. त्या पुरानंतर घरामागे १० हजार आणि दुकानांना ५० हजारांपर्यंत मदत जाहीर झाली होती, आमच्या खात्यात आली ती मी रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नात दाखवली. अट एकच, त्याच नुकसानीची वजावट आधी घेतली असेल तर तेवढा भाग करमुक्त नाही. म्हणजे मावसभावाला हे लक्षात ठेवावं लागलं, मला नाही.

इन्शुरन्सचे पैसे घरच्या वस्तूंचे असतील, म्हणजे टीव्ही, स्कूटर, फर्निचर, तर टॅक्स नाही, कारण मुळात तो कॅपिटल ॲसेटच नव्हता. घराची इमारत किंवा दागिने असतील तर कलम ४५(१ए) बघा. पूर, वादळ, भूकंप, दंगल, अपघाती आग-स्फोट किंवा शत्रूची कारवाई यांमुळे कॅपिटल ॲसेट गेला आणि इन्शुरन्स कंपनीनं पैसे दिले तर ती रक्कम विक्रीची किंमत धरून, पैसे मिळाले त्या वर्षी भांडवली नफा मोजतात. सुप्रीम कोर्टाच्या त्या १९९१ च्या निकालानंतर सरकारनं १९९९ मध्ये हे कलम आणलं. यादीत चोरी नाही, हे लक्षात ठेवा, दागिन्यांच्या चोरीच्या क्लेमवर कोणी नोटीस पाठवली तर सीएला पहिला मुद्दा हाच सांगा.

मित्रांनी वर्गणी करून पैसे दिले तर वर्षभरात सगळ्यांचे मिळून ५० हजारांच्या वर गेले की पूर्ण रक्कम करपात्र. नातेवाइकांकडून आलेले चालतात, मामा-काका-सासरे सगळे कायद्याच्या नातेवाइकात येतात. मावसभाऊ मात्र येत नाही, हे आमच्याकडे ऐकून माझी मावशी चांगलीच चिडली होती.

पायरी ४: घराच्या डागडुजीचं कर्ज

हे फार कमी लोकांना माहीत असतं. घर स्वतःचं आहे, पुरानं फरशी उखडली, वायरिंग गेलं आणि तुम्ही दुरुस्तीसाठी कर्ज काढलं तर त्याच्या व्याजावर कलम २४(बी) खाली वर्षाला ३० हजारांपर्यंत वजावट मिळते, फक्त जुन्या रिजीममध्ये. नवीन रिजीममध्ये स्वतः राहत्या घराला ती नाही. होम लोनच्या व्याजाची २ लाखांची जी मर्यादा आहे त्याच्या आतच हे ३० हजार बसतात, वेगळे नाहीत. कर्जाच्या मंजुरीपत्रावर दुरुस्ती हा उद्देश लिहिलेला हवा, पर्सनल लोन काढून टाइल्स बसवल्या आणि बिलं फेकली तर सिद्ध काय करणार.

घर भाड्यानं दिलं असेल तर दुरुस्तीसाठी भाड्याच्या ३० टक्के सरसकट सुटतात, खर्च ५ हजार झाला तरी तेवढेच आणि ३ लाख झाला तरी तेवढेच. पुराचं वेगळं काही नाही.

पायरी ५: दुकान, ऑफिस, धंदा असेल तर

आता मावसभावाकडे येऊ. धंद्याच्या ओघात झालेलं नुकसान हे नफा काढताना वजा होतं, त्यासाठी कायद्यात स्वतंत्र कलम शोधायची गरज नाही. यावरची सगळ्यात गाजलेली केस आपल्या नागपूर हायकोर्टातूनच सुप्रीम कोर्टात गेलेली, बद्रीदास डागा विरुद्ध आयकर आयुक्त, १९५८.  डागांच्या बन्सीलाल अबीरचंद पेढीच्या मुंबई शाखेच्या मुनिमानं १९४४ मध्ये बँकेतून दोन लाखांच्या वर रक्कम काढली आणि स्वतःच्या सट्ट्याचं देणं फेडलं. आयकर खातं म्हणे हा बुडीत कर्जाचा प्रकार नाही, सोडता येणार नाही. कोर्टानं सांगितलं की नोकर-मुनीम ठेवल्याशिवाय धंदा होत नाही, त्यांनी पैसे खाणं हा त्या धंद्याचाच धोका आहे, म्हणून हा धंद्याचा तोटा. पुढं १९६५ मध्ये नैनिताल बँकेच्या केसमध्ये दरोड्यात गेलेली रोकडही तशीच मान्य झाली, १९५१ मध्ये त्यांच्या रामनगर शाखेतून लाखाच्या वर रक्कम लुटली होती. १९६५ मध्येच सीबीडीटीनं परिपत्रक काढलं की नोकरानं केलेल्या अपहाराचा तोटा तो उघडकीला आला त्या वर्षी द्यावा. गल्ल्यातून पैसे गेले तर हे निकाल सीएच्या हातात द्या. फक्त ती रोकड धंद्याची होती हे कॅशबुकमध्ये दिसलं पाहिजे, दुकानाचे पैसे घरच्या कपाटात ठेवले आणि तिथून गेले तर वाद होतोच.

भावाच्या दुकानात साधारण ४,२०,००० चा माल भिजला, वह्या-कागद सगळ्याचा लगदा झाला. आता माल गेला की वेगळी एंट्रीसुद्धा तशी लागत नाही, वर्षाअखेरच्या क्लोजिंग स्टॉकमध्ये तो नसतो, म्हणजे नफा आपोआप तेवढ्यानं खाली येतो. पण तसं गुपचूप केलं तर ग्रॉस प्रॉफिट एकदम घसरलेला दिसतो आणि प्रश्न येतो, म्हणून सीएनं 'पुरात नष्ट झालेला माल' अशी सरळ ओळ टाकली. इन्शुरन्सचे १,५०,००० आले ते उत्पन्नात घेतले, उरले २,७०,०००.

मग आला जीएसटी, जो कोणाच्याच डोक्यात नव्हता. सीजीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, नष्ट झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची सूट, परत करावं लागतं. म्हणजे आधीच मार खाल्लेल्या माणसाला वरून साधारण ५८ हजार भरायचे. भाऊ म्हणाला, "राजेहो, पाण्यानं मारलं ते मारलं, आता सरकारबी मारते." ते ५८ हजार मात्र आता परत मिळणार नाहीत म्हणून धंद्याच्या खर्चात धरले, एकूण तोटा ३,२८,०००. हे रिव्हर्सल केलं नाही तर नंतर व्याजासकट मागतात, त्यामुळे त्या महिन्याच्या जीएसटी रिटर्नमध्येच (३बी) उरकून टाका.

मशीनचं गणित वेगळं. झेरॉक्स मशीन, कॉम्प्युटर, फर्निचर हे घसाऱ्याच्या ब्लॉकमध्ये असतात, म्हणजे एकसारख्या वस्तूंचा गट, ज्याची किंमत दरवर्षी ठरलेल्या टक्क्यांनी कमी धरतात, ते बुडाले म्हणून एकदम पूर्ण किंमत वजा करता येत नाही. ब्लॉकमधून फक्त इन्शुरन्सचे आणि भंगारचे पैसे वजा होतात, बाकीवर घसारा चालू राहतो, मशीनला १५ टक्के, कॉम्प्युटरला ४०, फर्निचरला १०. म्हणजे मशीन कबाड्याकडे गेलं तरी वहीत ते जिवंत असतं, गंमतच आहे. ब्लॉकमध्ये एकही वस्तू उरली नाही तर मात्र राहिलेली रक्कम शॉर्ट टर्म कॅपिटल लॉस होते.

आणि आता ज्याच्यावर सगळ्यात जास्त लोक अडकतात ते. भावाच्या शेजारचा मोबाइल ॲक्सेसरीजवाला कलम ४४एडी मध्ये, म्हणजे छोट्या धंद्यांच्या अंदाजे नफ्याच्या योजनेत, रिटर्न भरायचा, उलाढालीच्या ८ टक्के, डिजिटल असेल तर ६ टक्के नफा धरायचा आणि मोकळं व्हायचं. या योजनेत सगळे खर्च आणि तोटे आधीच धरलेत असं मानतात, त्यामुळे त्याचा अख्खा माल गेला तरी वेगळी वजावट नाही. डॉक्टर-वकील-फ्रीलान्सर ४४एडीए मध्ये ५० टक्के दाखवतात त्यांच्या चोरी गेलेल्या लॅपटॉपचंही तेच. बाहेर पडून खरा तोटा दाखवता येतो, पण मग हिशोबाच्या वह्या, एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या वर असेल तर ऑडिट, आणि पुढची पाच वर्षं ४४एडी मध्ये परत येता येत नाही. त्या माणसानं कागदावर आकडे मांडले, तसाही त्याला टॅक्स लागत नव्हता, कशाला पाच वर्षांचं झंझट, राहू दिलं. माझ्या मते बरोबर केलं. नुकसान फार मोठं असेल आणि पुढच्या वर्षांत चांगला नफा येणार असेल तरच बाहेर पडण्यात अर्थ आहे.

तोटा पुढं ओढायचा असेल तर रिटर्न मुदतीत भरलंच पाहिजे, एक दिवस उशीर झाला तरी तो हक्क गेला. मुदतीत भरलं तर धंद्याचा तोटा आठ वर्षं पुढच्या धंद्याच्या नफ्यातून वजा होतो. पगारातून मात्र नाही, म्हणजे बायकोच्या नावावर दुकान आणि तिची नोकरीही असेल तर दुकानाचा तोटा तिच्या पगाराला लागणार नाही.

पायरी ६: 'करून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब

आमच्याकडे पुरानंतर एक एजंट फिरत होता, रिफंडच्या २० टक्के घ्यायचा आणि पगारदारांच्या रिटर्नमध्ये काहीबाही वजावटी टाकून पैसे काढून द्यायचा, कोणाला देणगी, कोणाला न घेतलेलं एज्युकेशन लोन. उत्पन्न कमी दाखवलं तर वाचलेल्या टॅक्सच्या ५० टक्के दंड, खोटी माहिती देऊन केलं तर २०० टक्के, कलम २७०ए. एजंट २० टक्के घेऊन जातो आणि सही तुमची असते.

पायरी ७: पुढच्या पावसाच्या आधी

टॅक्स काही देत नाही म्हटल्यावर घरासाठी इन्शुरन्सच उरतो. १ एप्रिल २०२१ पासून 'भारत गृह रक्षा' नावाची एकसारखी पॉलिसी सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे मिळते, इमारतीचा विमा घेतला की त्याच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानालाही आपोआप संरक्षण. पूर, आग, वादळ यात येतं. साधी घरफोडी येत नाही, पूर-आगीसारख्या घटनेनंतर सात दिवसांच्या आत झालेली चोरी तेवढी येते, म्हणून घरफोडीचं कव्हर वेगळं मागून घ्या. घराच्या या प्रीमियमवर ८०सी वगैरे वजावट काही नाही. दुकानाचा प्रीमियम मात्र सरळ धंद्याचा खर्च.

राहता राहिलं एक, गेलेली वस्तू परत सापडली तर. माझी स्कूटर दीड वर्षानं सापडली, आरसे नाही, बॅटरी नाही, पण सापडली. तोवर क्लेमचे पैसे घेऊन झाले होते त्यामुळे गाडी आता इन्शुरन्स कंपनीची, पोलिसांचा फोन आला की लपवू नका, कंपनीला लेखी कळवा. घरच्या वस्तूला टॅक्सचा इथंही काही संबंध नाही. धंद्याच्या मालाचं मात्र, तोटा आधी वजा घेतला असेल तर जेव्हा पैसे किंवा माल परत मिळेल त्या वर्षी तेवढं उत्पन्न धरावं लागतं, कलम ४१(१). भावाला गेल्या वर्षी इन्शुरन्सचे अडकलेले आणखी ४० हजार मिळाले तर सीएचा फोन त्याच संध्याकाळी, "दुकानाच्या खात्यातच टाकले न रे? घरच्या खात्यात नको टाकू."